पावणेतीन फूट

१

घर बांधताना लोक खोल्यांवरून भांडतात. स्वयंपाकघर केवढं, गच्ची कुणाकडे, कपाट कुठल्या भिंतीला. पॅसेजवरून भांडलेला माणूस मी सव्वीस वर्षांत पाहिला नाही. मी एका ऑफिसात दुसऱ्यांच्या घरांचे नकाशे काढतो, आणि मला विचाराल तर घर कळतं ते पॅसेजवरून आणि जिन्यावरून. खोलीत माणूस एकटा बसू शकतो. पॅसेजमध्ये त्याला दुसऱ्याच्या बाजूने जावं लागतं.

एवढं सगळं कळत असून स्वतःच्या घराच्या वेळी मीच माती खाल्ली.

कारण टिल्ली. माझी लेक, नऊ वर्षांची. तिच्या डाव्या पायात जोर कमी आहे. सपाटीवर ती छान चालते, धावतेसुद्धा वेडीवाकडी, पण जिना चढताना कुणीतरी हात धरावा लागतो. म्हणून तिची खोली खाली, पॅसेजच्या टोकाला. नाना, म्हणजे माझे वडील, वर, गच्चीला लागून. शहात्तर वर्षांचे असले तरी ते जिना माझ्याआधी चढतात. पण टिल्ली आजोबांकडे वर जाणारच, कुणाचं ऐकते ती! म्हणून मी पायऱ्या सहा-सहा इंच उंचीच्याच ठेवल्या, आणि जिना चार फूट रुंद केला. तिच्या शेजारून हात धरून कुणाला तरी चालता यायला हवं ना.

जिना फुगला. फुगलेली जागा कुठून तरी काढावी लागते, ती मी पॅसेजमधून काढली. साडेतीन फुटांचा पॅसेज पावणेतीन फुटांवर आला.

मिस्त्री डोकं खाजवत म्हणाला, "साहेब, दोघं समोरासमोर आले तर?"

"एकाने अंग चोरायचं," मी म्हणालो. "घरात माणसं आहेत चार. जत्रा थोडीच भरणार आहे?"

२

माझी कामाची एक पद्धत आहे. पाया खणायच्या आधी मी अख्खा नकाशा जमिनीवर पांढऱ्या फक्कीने मारून घेतो, खऱ्या मापात. मग घरच्यांना म्हणतो, चला, चालून बघा. लोकांना कागद कळत नाही, पाय कळतात.

त्या सकाळी आम्ही चौघं रिकाम्या जागेवर फक्कीच्या रेघांमधून चाललो. टिल्लीने नसलेल्या दारावर टकटक केलं. बायको नसलेल्या ओट्याशी उभी राहून म्हणाली, "इथे माझी पाठ भिंतीला लागणार हं, आत्ताच सांगून ठेवते." मजा चालली होती.

नाना पॅसेजमधून चालत आले. जिन्याची पहिली पायरी जिथे येणार होती तिथे ते थांबले, पाठ पलीकडच्या रेघेला लावून तिरके उभे राहिले, दोन श्वास. मग पुढे निघाले.

"नाना, कुणाला वाट देताय?" मी हसून विचारलं.

"तुला," ते म्हणाले. "तू येत होतास ना समोरून?"

मी त्यांच्या मागे होतो. टेपचं टोक माझ्या हातात होतं. म्हटलं, वय झालंय, ऊन लागलं असेल. मी विषय तिथेच सोडला.

३

घर झालं, आम्ही राहायला आलो. पहिले आठ दिवस खोकी फोडण्यात गेले. नवव्या दिवशी, रविवारी सकाळी, मी बैठकीत पेपर वाचत होतो. तिथून पॅसेज सरळ दिसतो. बायको बादली घेऊन येत होती आणि तोंडाने माझा उद्धार चालू होता, की नळ उलटे बसवलेत, गरम म्हणून गार येतंय. जिन्याच्या पायथ्याशी ती वळली, पाठ भिंतीला लावली, बादली पोटाशी धरली. खस्स, असा कापड प्लॅस्टरवर घासल्याचा आवाज झाला. बोलणं थांबलं नाही. दोन श्वास, आणि ती पुढे आली.

"थांबलीस का गं?"

"कुठे थांबले?"

"आत्ता. जिन्यापाशी."

"मी नळाबद्दल बोलतेय आणि तुझं भलतंच," ती म्हणाली. "प्लंबरला फोन कर."

मी दिवसभर पाहत राहिलो. नाना थांबले, त्याच जागी. टिल्ली थांबली. पार्सल घेऊन आलेला माणूस सही घ्यायला आत आला, तोही थांबला, खोकं डोक्यावर उचलून. आणि संध्याकाळी शर्ट काढताना माझ्याच पाठीला, खांद्याच्या मागे, भिंतीचा पांढरा चुरा लागलेला दिसला. मीही थांबत होतो. मला पत्ताच नव्हता.

४

आता मी काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. मी स्वतःची समजूत घातली. पॅसेज अरुंद आहे, अरुंद जागेत माणूस आपोआप अंग चोरतो. जिन्याखालून एकदम उजेडात आलं की डोळे दिपतात, पाय अडखळतो. मी असल्या गोष्टी नव्या पोरांना शिकवतो.

तरी भिंतीवर पेन्सिलीने बारीक खूण केली. जिथे पाठ टेकते तिथे. जिन्याच्या पायथ्यापासून टिल्लीच्या दारापर्यंत सोळा फूट अंतर आहे. पहिली खूण शून्यावर होती.

चार दिवसांनी लोक एक फूट पुढे थांबायला लागले. आठवड्याने तीन फूट. उजेड तोच, भिंत तीच, माणसं तीच. फक्त जागा सरकत होती, एकाच दिशेने, आत. मी रोज खुणा करत होतो आणि शेजारी तारीख घालत होतो. बायकोला वाटलं मी भिंत फुगतेय का ते तपासतोय.

पॅसेजला टोकाला एकच दार आहे. तो दुसरीकडे कुठे जातच नाही. मीच तो तसा काढला होता.

पाचव्या फुटाची खूण केली त्या दिवशी माझी पाचावर धारण बसली. मी टेप गुंडाळला आणि तिथेच फरशीवर बसलो.

५

"भिंत पाडायची," फोन करून बोलावलेल्या मिस्त्रीला मी म्हणालो. "ही. पॅसेज मोठा करायचाय."

तो भिंतीवर बोटाने ठोकत लांबवर गेला. "साहेब, मस्करी करता का? जिन्याची तुळई हिच्यावर बसलीय. नकाशा तुमचाच ना? ही पाडली तर जिना खाली येईल."

"काहीतरी मार्ग असेलच की."

"आहे. जिना अरुंद करायचा. म्हणजे आख्खा तोडायचा, नवा ओतायचा. दोन महिने घर सोडा."

मी हो म्हणणार होतो. देवाशप्पथ, तोंडापर्यंत आलं होतं. तेवढ्यात मिस्त्री परत येताना सहाव्या फुटावर वळला, पाठ भिंतीला लावली, हातातली थापी छातीशी धरली. खस्स. दोन श्वास.

"मिस्त्री, आत्ता काय केलंत?"

"काय केलं?"

"कुणाला वाट दिलीत?"

त्याने थापी कमरेला खोचली. मग हळू आवाजात म्हणाला, "साहेब, तुम्ही जरा झोप घ्या," आणि चहासुद्धा न घेता गेला. घर सोडायचं मी त्याच दुपारी बायकोपाशी काढलं. ती म्हणाली, नव्या घरात येऊन महिना झाला नाही, टिल्लीची शाळा आत्ताच रुळलीय, आणि आता ह्याला दोन महिने बाहेर राहायचंय. "स्वतःच्या घराचा नकाशा काढताना तुझं डोकं फिरलंय," ती म्हणाली. ती रडवेली झाली होती.

६

दहाव्या फुटावर मी पॅसेजमध्ये चपलांचं कपाट आडवं लावलं. एकट्याने ओढत आणलं, फरशीवर चरे पडले. जेमतेम वीतभर फट उरली. बायको माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. टिल्लीला गंमत वाटली, ती कपाटावर पोटाने पडून पलीकडे घसरायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी बायको कपड्यांच्या घड्या घेऊन त्या फटीतून कशीबशी घुसली, मला चार शब्द ऐकवले, आणि कपाटाच्या पलीकडे जाऊन भिंतीला टेकली. बाराव्या फुटावर.

म्हणजे ते कपाट मी कुणाला अडवायला लावलं होतं? मी ते ओढत परत घराच्या दारापाशी नेलं. एक कप्पा निसटून पायावर पडला. दुखलंसुद्धा नाही.

त्याच संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की टिल्ली आता दार उघडं टाकून बसते. आधी ती कडी लावून घ्यायची, आत येणाऱ्याला पासवर्ड विचारायची.

"दार का गं उघडं?"

"बंद असलं की बाहेर थांबावं लागतं ना," ती चित्र रंगवता रंगवता म्हणाली.

"कुणाला?"

तिने खांदे उडवले. तिला खरंच माहीत नव्हतं. मी दार लावून घेतलं. पाणी पिऊन परत आलो तर ते उघडं होतं, आणि तिने दाराजवळची खुर्ची उचलून पलीकडे ठेवली होती. जायला यायला जागा झाली होती.

७

चार फूट उरले. मग तीन.

आता पुढचं सांगताना मला लाज वाटते, पण सांगतो. मी पूर्ण शुद्धीवर होतो. मी माप घेतलं होतं. चार दिवसांनी काय होणार ते मला ठाऊक होतं, आणि टिल्लीची खोली बदलायची तर घरात दुसरी रिकामी खोली नव्हती. आमच्या खोलीत ठेवली असती तर ती जागा रिकामी राहिली असती, आणि रिकाम्या खोलीतून ते पुन्हा कुठे वळेल ह्याची मला खात्री नव्हती. तिथे कुणीतरी असायला हवं होतं. हे मी अगदी असंच, शब्दांत, मनाशी म्हणालो.

जेवायला बसल्यावर मी म्हणालो, "टिल्लीला वरची खोली देऊ. सकाळचं ऊन येतं, पायाला बरं. नानांना खालची."

बायकोने घास खाली ठेवला. "डॉक्टरांनी जिना टाळायला सांगितलाय! तेवढ्यासाठीच खालची खोली केलीस ना तू?"

"मी उचलून नेईन. दिवसातून दहादा नेईन."

"आणि ऑफिसला गेलास की?"

"सुट्टी घेतलीय."

"कधीपर्यंत?"

मी आमटी वाढून घेतली. नाना पाणी पीत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. लहानपणी मी खोटं बोललो की असेच पाहायचे, आणि काही बोलायचे नाहीत.

"चालेल की," ते म्हणाले. "माझी खाट उद्याच खाली आणा. मला कुठे ऊन मिरवायचंय."

टिल्ली आनंदाने ओरडली, "गच्ची माझी!" मी उठून मोरीत हात धुतले आणि नळ तसाच सोडून उभा राहिलो.

८

तिसऱ्या दिवशी दुपारी नाना खालच्या खोलीत खिडकीपाशी बसून पेपर वाचत होते. टिल्ली वर चित्रं काढत होती, बायको बाहेर गेली होती. मी पॅसेजमध्ये उभा होतो. सकाळी शेवटची खूण चौकटीवर केली होती. टेप लावायची गरजच उरली नव्हती.

नानांनी पान उलटलं. मग पाय जवळ ओढून घेतले. मग खुर्ची थोडी मागे सरकवली, लहान खोलीत कुणी आलं की आपण सरकवतो तशी. आणि पेपरची घडी घातली.

मी धावत आत गेलो. "नाना, चला. वर चला. आत्ताच्या आत्ता."

"बस," ते म्हणाले. मग स्वतःच खाटेकडे बघून म्हणाले, "नको, तिथे नको. उभाच राहा."

मी खाटेकडे पाहिलं. चादर सकाळी बायकोने ताणून घातली होती. कडेला, पायथ्याशी, ती जराशी खाली दबलेली होती. एवढंच मी पाहिलं. त्याहून जास्त पाहायची माझी छाती झाली नाही.

"तू मला इथे का आणलंस ते मला खाट हलवली त्याच दिवशी कळलं," नाना म्हणाले. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "खुणा मलाही दिसतात रे. वर तारखाही घातल्यास. तुझी सवयच आहे ती."

"माझं चुकलं, नाना. चला ना हो."

"टिल्ली कुठे आहे?"

"वर."

"मग झालं तर."

मी त्यांचा हात धरला. गरम होता, पेपरची शाई लागलेला. ओढलं असतं तर ते उठले असते, ते माझ्यापुढे कधीच हट्टाने वागले नाहीत. मी त्यांना वर नेलं असतं. आणि मग ही खोली रिकामी राहिली असती, आणि वर टिल्ली होती. मी हे सगळं त्यांचा हात धरून, तिथे उभ्या उभ्या, हिशेब मांडावा तसं मनात मांडलं.

मी हात सोडला.

नानांनी मान हलवली. "दार लोटून घे जाताना," ते म्हणाले.

९

डॉक्टर म्हणाले हृदय. वय पाहता असं होतंच, त्रास झाला नाही, खुर्चीतच गेले. बायको ओक्साबोक्शी रडली. सगळे मला म्हणाले, किती केलंस त्यांचं, शेवटच्या दिवसांत खालची खोलीसुद्धा दिलीस. मी प्रत्येकाला मान डोलावली.

पंधरा दिवस पॅसेजमध्ये कुणीच थांबलं नाही. सगळे सरळ चालत होते. मी भिंतीवरच्या खुणा पुसल्या आणि रंगाचा एक हात दिला. रात्री झोप लागायला लागली. टिल्लीला खाली आणायचं बायकोने दोनदा काढलं, मी म्हणालो, बघू. खालची खोली मी कुलूप लावून बंद केली होती. ऑफिसला पुन्हा जायचं ठरवलं होतं, सोमवारपासून.

रविवारी सकाळी बायको पॅसेज झाडून परत येत होती. बंद दारापासून दोन फुटांवर ती वळली, पाठ भिंतीला लावली, थांबली. ती निघाली. एक पाऊल टाकलं, आणि पुन्हा वळली, पुन्हा पाठ लावली. पुन्हा थांबली.

दोनदा.

मी टेप काढला. आता ते बाहेर येत होते, आणि आधीसारखे दिवसाला जेमतेम अर्धा-पाऊण फूट नाही. दुपारी दारापासून चार फूट. चारला नऊ. साडेपाचला शेजारीण विरजण मागायला आत आली, ती चौदाव्या फुटावर दोनदा थांबली.

पॅसेज जिथे सुरू होतो तिथे दोन वाटा आहेत. उजवीकडे घराचं दार. डावीकडे जिना, सहा-सहा इंचांच्या सोप्या पायऱ्यांचा, चार फूट रुंद. मी घराचं दार सताड उघडलं. दगड लावून ठेवलं, मिटू नये म्हणून. मग पहिल्या पायरीच्या पुढे, दोन्ही हात पसरून उभा राहिलो. एक हात भिंतीला, एक कठड्याला. ह्या वेळी मी अंग चोरणार नव्हतो. काय व्हायचं ते होऊ दे.

"नाना," मी म्हणालो, "बाहेर जा. दार उघडं आहे. त्यालाही घेऊन जा. तुमच्या पाया पडतो."

पॅसेजमध्ये कुणी नव्हतं. संध्याकाळचं ऊन फरशीवर आलं होतं. बायको आत भांडी लावत होती.

मग समोर, माझ्यापासून हातभर अंतरावर, नव्या रंगाच्या भिंतीवर आवाज झाला. खस्स. कुणीतरी बाजूला झालं होतं. मला वाट दिली होती. माझ्या घशातून हुंदका फुटला, कारण माझ्यासाठी ह्या घरात असं बाजूला होणारा एकच माणूस होता.

मी दुसऱ्या आवाजाची वाट पाहिली. कान देऊन, डोळे मिटून, कितीतरी वेळ.

तो झालाच नाही.

माझ्या पसरलेल्या हाताच्या केसांवर गार काहीतरी येऊन थांबलं. मागे सरकायला जागा होती, पण मागे पायऱ्या होत्या.

"बाबा," वरून टिल्लीने हाक मारली, "मी खाली येऊ? धर ना मला."

"येऊ नकोस," मी म्हणालो. "मी येतोच आहे."

आणि जागचा हललो नाही.